टॉकीजच्या लॉबीतला मुलगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत अरुंधती रॉय यांनी आईवर लिहिलेल्या 'मदर मेरी कम्स टू मी' या पुस्तकाबद्दल लेख आला होता, आणि लगेच दोन दिवसांनी त्यावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र छापलंत. पत्राचा सूर असा की या बाईंची पहिली कादंबरी 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' हा सगळा विकृत प्रकार आहे, लहानपणी काहीतरी झालं म्हणून माणूस जन्मभर कुढत बसतो हे हल्लीचं फॅड आहे, आणि आम्ही पण छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उभे राहिलो, अडगळीच्या खोलीत कोंडले गेलो, आमचं काय वाकडं झालं? ते पत्र आमच्या फॅमिली ग्रुपवर पण फिरलं आणि त्याखाली अंगठेच अंगठे. मी तेव्हा गप्प बसलो पण नंतर झोप येईना म्हणून हे लिहितोय, मोठं झालं तर कापा, पण नाव मात्र छापू नका.

आधी सांगतो की मी काही साहित्यातला माणूस नाही. माझ्या वडिलांकडे तालुक्याच्या गावात एका टॉकीजच्या कॅन्टीनचं कंत्राट होतं, साधारण ऐंशीच्या दशकात, आणि शाळा सुटली की मी तिथेच. शेंगदाण्याच्या पुड्या बांधायच्या, बर्फाच्या टाकीत बाटल्या लावायच्या, इंटरव्हलची घंटा वाजायच्या आधी समोसे गरम करून ठेवायचे, दोरीला बांधलेलं ओपनर हरवू द्यायचं नाही, ही माझी कामं. म्हणून त्या कादंबरीतलं टॉकीजचं प्रकरण वाचताना मला जे झालं ते बहुतेक दुसऱ्या कुणाला होणार नाही.

दोनदा अर्धवट सोडली होती ती. अपर्णा वेलणकरांचा मराठी अनुवाद वाचनालयातून आणला होता, पण पहिल्या पन्नास पानांत काळ इतका पुढेमागे उड्या मारतो की डोकं गरगरतं, आत्ता १९६९ चा डिसेंबर, आत्ता १९९३ चा पाऊस, मयत आधी आणि पाहुणे नंतर. तिसऱ्या वेळी कागद पेन्सिल घेऊन बसलो आणि कुठल्या दिवशी काय झालं ते रोजमेळासारखं लिहीत गेलो, तेव्हा लक्षात आलं की लेखिकेने ही गुंतागुंत उगाच नाही केलेली, ज्याच्या डोक्यात एखादी गोष्ट अडकून बसलीय त्याला ती अशीच आठवते, ओळीने नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केरळमधलं कोट्टायमजवळचं अयमेनम गाव, मीनाचल नदी, सिरियन ख्रिश्चन घर, घरचा लोणची-मुरंब्याचा कारखाना. एस्था आणि राहेल ही जुळी भावंडं, सात वर्षांची. आई अम्मू नवऱ्याला सोडून माहेरी परत आलेली, म्हणजे घरात तिची किंमत शून्य. इंग्लंडहून मामेबहीण सोफी मोल येणार म्हणून सगळे आदल्या दिवशी कोचीनला जातात आणि तिथे अभिलाष टॉकीजमध्ये 'साउंड ऑफ म्युझिक' बघतात. एस्था गाण्याबरोबर मोठ्याने गायला लागतो, आजूबाजूचे लोक चिडतात, म्हणून त्याला बाहेर पाठवतात. बाहेर लॉबीत शीतपेयांच्या काउंटरवर एक माणूस असतो, तो फुकट ड्रिंक देतो म्हणून मुलाला आत बोलावतो.

पुढचं मी सांगत नाही, एवढंच सांगतो की पोराच्या एका हातात ती थंड बाटली असते आणि ती सांडू नये याची त्याला काळजी असते.

मला त्या लॉबीची कल्पना आहे हो. लोकांना टॉकीजची लॉबी म्हणजे गर्दी आठवते, पण ती गर्दी इंटरव्हलची दहा मिनिटं. पिक्चर चालू असताना लॉबीसारखी रिकामी जागा गावात दुसरी नसते. डोअरकीपर आत खुर्ची टाकून पिक्चर बघत असतो नाहीतर बाहेर विडी ओढायला गेलेला असतो, बुकिंगची खिडकी बंद, मॅनेजर हिशेबाला बसलेला, आणि आतून येणारा आवाज एवढा मोठा की बाहेर कुणी ओरडलं तरी ऐकू येणार नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये असं कधी काही झालं का? माझ्यासमोर नाही. पण रडणाऱ्या, मुतायला आलेल्या, कंटाळलेल्या पोरांना 'जा जरा बाहेर जाऊन ये' म्हणून एकटं बाहेर काढणारे आईबाप मी रोज बघायचो, आणि ते सगळे चांगले आईबाप होते. हे पुस्तक वाचेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता या पत्रलेखक काकांना (वयाने मोठे असणार म्हणून काका म्हणतो, राग मानू नका) मला एवढंच सांगायचंय की तुम्ही बहुतेक तेवढाच प्रसंग आणि शेवट वाचून मत बनवलंय. कारण ही कादंबरी एका घाणेरड्या माणसाने काय केलं याची नाहीच, तिचा खरा विषय त्यानंतर घरातल्या मोठ्यांनी काय केलं हा आहे. तो माणूस बोलता बोलता पोराकडूनच काढून घेतो की हे अयमेनमचे, लोणच्याच्या कारखान्यावाले, आणि नंतर अम्मूशी गोड बोलतो. झालं. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात बसतं की याला आपलं घर माहीत आहे, हा कधीपण दारात उभा राहील. तो कुणाला सांगत नाही, सांगायला शब्द कुठून आणणार. तो तयारी करतो. एक जुनी होडी मिळते ती दुरुस्त करून घेतो, नदीपलीकडच्या ओसाड घरात लपायची जागा करतो. आणि मग एके दिवशी खोलीत कोंडलेली आई संतापाच्या भरात बोलून जाते की तुम्ही माझ्या गळ्यातली धोंड आहात, तेव्हा ही पोरं त्याच होडीतून रात्री निघतात, सोफी मोल हट्टाने बरोबर येते, होडी उलटते आणि ती बुडते.

म्हणजे बघा, घरचे म्हणत राहतात की या पोरांनी बहिणीला मारलं, आणि ती होडी तिथे का होती हे कुणालाच माहीत नाही. शेवटपर्यंत नाही. फक्त वाचणाऱ्याला माहीत. मी ते रोजमेळात लिहिलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली आणि गच्चीवर जाऊन आलो.

आणि त्याहून वाईट म्हणजे पोलीस स्टेशन. अम्मूचं वेलुता नावाच्या सुताराशी नातं जुळलेलं, तो परवन, म्हणजे अस्पृश्य, पण पोरांचा सगळ्यात जवळचा मोठा माणूस तोच. आत्या-आजी बेबी कोचम्मा घराची अब्रू वाचवायला त्याच्यावर खोटी फिर्याद देते. पोलीस त्याला पोरांच्या डोळ्यांदेखत मरेस्तोवर मारतात. मग कळतं की त्याने काहीच केलं नव्हतं, आता फिर्याद खोटी ठरणार, म्हणून बेबी कोचम्मा पोरांना सांगते की सोफीला तुम्हीच मारलंत, आता तुम्ही जेलमध्ये, तुमची आई पण जेलमध्ये, आईला वाचवायचं असेल तर साहेब विचारतील त्याला फक्त 'हो' म्हणायचं. एस्थाला आत नेतात. प्रश्न विचारतात. तो 'हो' म्हणतो. वेलुता त्या रात्री कोठडीत मरतो. आईला वाचवलं म्हणून काय मिळतं तर आईपासूनच तोडतात, मद्रास मेलमध्ये बसवून बापाकडे कलकत्त्याला रवाना.

माझ्या मते एस्थाचं तोंड बंद झालं ते या एका 'हो'मुळे. लॉबीतल्या माणसाने त्याला घाबरवलं, पण तोंडातला शब्द वापरून घेतला तो घरच्या बाईने. ज्याच्या एका शब्दाने माणूस मेला त्याने पुढे शब्द वापरायचेच बंद केले, याच्यात विकृत काय आहे, उलट मला तर हे अगदी सरळ हिशेबाचं वाटलं.

मोठा झालेला एस्था कसा दाखवलाय ते पण बघा. तो वेडा होत नाही, दारू पीत नाही, कुणाला त्रास देत नाही. हळूहळू बोलणं कमी होत होत थांबतं, इतकं हळू की घरच्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही. शाळा संपल्यावर कॉलेजला जायचं नाही म्हणतो आणि घरकाम करायला लागतो, झाडू, फरशी, कपडे, बाजार. भाजीवाले त्याला ओळखायला लागतात, गर्दीतसुद्धा त्याचं आधी देतात, तो घासाघीस करत नाही आणि ते त्याला फसवत नाहीत. एक म्हातारा कुत्रा असतो, त्याची सेवा करतो. तेवीस वर्षांनी बाप ऑस्ट्रेलियाला जाताना त्याला परत अयमेनमला पाठवून देतो, म्हणजे पुन्हा पार्सल. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात? गरीब स्वभावाचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

माझा आतेभाऊ असा आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, लग्न केलं नाही, आत्याजवळ राहतो, भाजी आणतो, दळण आणतो, गणपतीच्या आरासाला दिवसदिवस एकटा बसतो, कुणाच्या मयताला सगळ्यात आधी पोचतो आणि सगळ्यात शेवटी निघतो. दिवसात दहा वाक्यं बोलत असेल. आम्ही लहान असताना त्याला 'घुम्या' म्हणायचो, तोंडावर, आणि तो पण हसायचा. पाचवीत त्याला बाहेरगावी वसतिगृहात ठेवला होता, कुठल्या ते लिहीत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत आला तो परत गेलाच नाही. पुढे माझ्या कानावर आलं ते एवढंच की घरात वर्षाच्या फीचे पैसे बुडाले यावर पुष्कळ बोलणं झालं. का गेला नाही यावर नाही. मी इथे काही शोध लावत नाहीये, काही झालं होतं की नव्हतं मला माहीत नाही, कदाचित नुसता घर सोडून राहवलं नसेल. पण विचारलं कुणीच नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी पण नाही विचारलं, आज माझं वय पन्नासच्या पुढे आहे.

काका, 'आमचं काय वाकडं झालं' हे कोण म्हणतं माहितीये का, जो बोलतो तो. ज्याचं वाकडं झालं तो पेपरला पत्र लिहीत नाही, तो दळण आणायला गेलेला असतो.

आणि मारण्याचं म्हणाल तर तेही याच पुस्तकात आहे की. अम्मूचा बाप, पप्पाची, बाहेर मोठा साहेब, कीटकशास्त्रज्ञ, सुटाबुटातला, आणि घरात बायकोला पितळी फुलदाणीने मारणारा. अम्मू नऊ वर्षांची असताना तिचे आवडते गमबूट तो तिच्यादेखत कात्रीने कापून टाकतो, शांतपणे, पट्ट्या पट्ट्या करून. ही अम्मू पुढे पहिलं जे स्थळ बरं दिसलं त्याच्याशी लग्न करून त्या घरातून पळते, तो दारुडा निघतो, परत येते, आणि ज्या पोरांवर जीव टाकते त्यांनाच एक दिवस 'धोंड' म्हणते. बापाने कापलेले बूट कुठे आणि नातीने चढलेली होडी कुठे, पण धागा सरळ आहे. राहेलचं पण तेच, तिला शाळेतून काढतात, पुढे दिल्लीत आर्किटेक्चर शिकते पण पुरं करत नाही, एका अमेरिकन माणसाशी लग्न करते, आणि तो प्रेमळ असूनही त्याला कळत नाही की ही आपल्याकडे बघतीय की आपल्या पलीकडे. घटस्फोट. मग वॉशिंग्टनजवळ पेट्रोल पंपावर रात्रपाळीला काचेच्या केबिनमध्ये. कुणी म्हणेल स्वभावच तसला.

माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली बाबा हे आम्हाला अभ्यासाला आहे. अमेरिकेत सॅन डिएगोला फेलिटी म्हणून डॉक्टर होते, ते लठ्ठपणाच्या पेशंटचं वजन कमी करायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच मध्येच पळून जातायत. बोलल्यावर बऱ्याच जणांच्या लहानपणातला अत्याचार बाहेर आला. त्यातून पुढे मोठी पाहणी झाली, १९९८ साली ती छापून आली, आणि लहानपणी घरात मारहाण, अत्याचार, दारू, आईला बसणारा मार असं जितकं जास्त तितकं मोठेपणी हार्टचे आजार, दारूचं व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण जास्त असं दिसलं. म्हणजे फॅड बिड नाही. तिने एक बजावलं की प्रमाण जास्त म्हणजे प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, म्हणून काकांच्या बाबतीत खरंच काही झालं नसेल, मी खोटं म्हणत नाही.

आता शेवटाबद्दल, कारण सगळा राग त्याच्यावरच आहे. कादंबरीच्या शेवटी अम्मू आणि वेलुताच्या भेटीचं प्रकरण आहे, त्यावरून १९९७ सालीच, बुकर मिळालं त्याच वर्षी, केरळात एका वकिलाने अश्लीलतेचा खटला टाकला होता. गंमत बघा, पोलीस एका निरपराध माणसाला ठार मारतात त्या प्रकरणावर कुणी कोर्टात गेलं नाही, दोन माणसं प्रेम करतात त्यावर गेले. आणि त्याच्या थोडं आधी तीस-एकतीस वर्षांची ती जुळी भावंडं एकमेकांजवळ येतात, तो प्रसंग मलाही जड गेला, खोटं कशाला बोलू, पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण त्यात चव घेऊन लिहिलेलं काहीही नाही, दोन-तीन परिच्छेद आहेत आणि सगळे दुःखाचे, बुडणाऱ्या माणसाने बुडणाऱ्याला धरावं तसे. पटलं असं नाही म्हणत. पण 'विकृत' हा शब्द तिथे लावायचा आणि बेबी कोचम्माला 'घराण्याची काळजी करणारी' म्हणायचं हे काही मला जमणार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. तो कोल्ड्रिंकवाला लेखिकेने असा रंगवलाय, पिवळे दात, गलिच्छ, की लांबूनच कळावं हा वाईट माणूस. कॅन्टीनच्या काउंटरमागे वाढलेल्या माणसाला हे थोडं लागतं, आमचा सगळा वर्गच संशयित झाल्यासारखा. आणि मुख्य म्हणजे असे लोक तसे दिसत नाहीत. इस्त्रीचा शर्ट, पोरांचे लाडके काका, ट्यूशनला पैसे न घेणारे. दिसण्यावरून माणूस ओळखायची सवय वाचकाला लावू नये असं मला वाटतं. सोफी मोल पण पुसट राहिलीय, बुडण्यापुरतीच आल्यासारखी. असो.

अम्मूला घरात किंमत का नाही हेही काकांच्या पत्रात 'स्वैर बाई' म्हणून उडवून लावलंय, तर तेवढं सांगतो की त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात सिरियन ख्रिश्चन मुलीला बापाच्या इस्टेटीत मुलाच्या बरोबरीने वाटा नव्हता. हे बदललं ते १९८६ साली सुप्रीम कोर्टात, आणि केस लढली होती मेरी रॉय यांनी, म्हणजे लेखिकेच्याच आईने, ज्यांच्यावर तुमचा लेख होता. अम्मू १९६९ मधली, तिच्या नशिबात ते नव्हतं.

आणि मुलग्यांचं काय, हा प्रश्न तर आपल्याकडे येतच नाही. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय.' केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास खात्याने २००७ मध्ये तेरा राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली होती, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते, साडेबारा हजारांच्या आसपास मुलं, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि या सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. पॉक्सो कायदा आला २०१२ मध्ये, त्यात मुलगा मुलगी असा भेद नाही. गोव्याने मात्र २००३ मध्येच आपला वेगळा बालकायदा केला होता, त्याचं कौतुक कुणी करत नाही. तुमच्या बालविभागात कोडी असतात तिथे एका कोपऱ्यात १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर दर आठवड्याला छापता येईल का बघा, जागा फार लागत नाही.

यंदा गणपतीत आत्याकडे गेलो होतो. आतेभाऊ नेहमीसारखा खाली बसून दुर्वा निवडत होता, एकवीस-एकवीसच्या जुड्या, दोऱ्याने बांधून ओल्या फडक्यात. स्पीकरवर कुणीतरी जुनी गाणी लावली होती. आत्या चौऱ्याऐंशीची आहे, तिला आता मधलंच काहीतरी आठवतं. त्याच्याकडे बघून म्हणाली, हा लहानपणी किती गायचा, आंघोळीला पाणी तापेपर्यंत चुलीपुढे बसून सारखा गायचा, सगळी आळी ऐकायची. मी इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. कधीपर्यंत गायचा म्हणून विचारलं तर म्हणाली, वसतिगृहात ठेवला तोपर्यंत. त्याने मान वर केली नाही. मी विचारलं कुठली गाणी म्हणायचा गं, तर ती म्हणाली, आता कुणाच्या लक्षात असणार, आणि उकडीचं झालं का बघायला आत गेली.

आपला,
एक वाचक
(नाव व गाव छापू नये ही विनंती)